सुमो बंद झाली, गॅरेजवाल्यांनी काय ओळखावे?

टाटा कंपनीने २०१९ मध्ये सुमो बंद केली. फारसा गाजावाजा झाला नाही. १९९४ साली निघालेली ही गाडी पंचवीस वर्षे टिकली, आणि ती आपल्याच जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवडची. नाव कंपनीचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावावरून पडले. जपानी पैलवानाशी त्याचा संबंध नाही. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार होते. जुन्या सांगाड्याच्या गाडीत हे सारे बसवणे खर्चाचे काम होते.

लोणी भापकर हा बारामती तालुक्याचा जिरायती भाग. जवळ मोरगाव, पुढे जेजुरी. अशा भागात सुमो ही हौसेची वस्तू नव्हे. वडाप, लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनाच्या फेऱ्या, अडीअडचणीला दवाखाना, सारे तिच्यावरच. त्यामुळे मॉडेल बंद झाले की मालकाच्या पोटात गोळा येतो. कोणी घाईने येईल त्या भावाला गाडी फुंकून टाकतो. कोणी म्हणतो, पाटे दणकट आहेत, चालेल तोवर चालवू. आणि एखादा हुशार मालक भंगारातली दुसरी सुमो घेऊन सुट्या भागांसाठी वाड्यात उभी करतो. आमच्या मते या तिघांत पहिल्याचेच नुकसान जास्त.

याचे कारण समजून घ्यावे. मॉडेल बंद होणे वेगळे आणि कंपनीच उठून जाणे वेगळे. टोयोटाने २००५ मध्ये चांगली खपणारी क्वालिस बंद करून इनोव्हा आणली. कंपनी जागेवर होती, म्हणून जुन्या क्वालिसला पुढेही गिऱ्हाईक मिळत राहिले. उलट जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, तेव्हा टवेराच्या मालकांना खरी धास्ती पडली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने येथील कारखाने बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा एन्डेव्हरवाल्यांचेही तेच झाले. दोन्ही कंपन्यांनी सुटे भाग व सर्व्हिस देत राहू असे सांगितले, पण मालकाचा विश्वास एकदा डळमळला की बाजारभावही डळमळतो. सुमोची कंपनी कोठे गेलेली नाही.

आता आमच्या गॅरेजवाल्या आणि सुट्या भागांच्या व्यापारी बांधवांसाठी मुद्द्याची गोष्ट. बंद मॉडेलचे सगळे भाग एकदम दुर्मीळ होत नाहीत. बेअरिंग, फिल्टर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट यांना मागणी असेपर्यंत ते बाहेरचे कारखानेही बनवतात. शिवाय काही भाग त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाड्यांतही चालतात. आधी संपतात ते त्याच गाडीच्या अंगचे भाग : दरवाजाची काच, दिव्याची चौकट, बंपर, डॅशबोर्ड, दाराचे रबर. म्हणून इंजिनाच्या भागांत भांडवल गुंतवून दुकान भरू नये. आठवड्यात मिळणारा माल कपाटात वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही. पत्रा ठोकणारा, कुशन शिवणारा, जुना दिवा उघडून सांधणारा कारागीर मात्र अशा वेळी गिऱ्हाइकाला हवासा होतो. जुना भाग बसवला असेल तर बिलावर ‘जुना’ असेच लिहावे. गावात गाडी ओळखीची असते, तसा ती दुरुस्त करणाराही.

वडापवाल्याची उधारी हा वेगळाच विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

मालकाला आणखी एक भीती घातली जाते, ती म्हणजे डिझेल गाडी दहा वर्षांत बाद होते. तो निर्बंध दिल्ली व आसपासच्या भागासाठी निघाला होता, महाराष्ट्रासाठी नव्हे. येथे खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढील गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केली गेली. भाड्याच्या परवान्यावरील गाडीचे फिटनेसचे नियम निराळे आहेत. गाडी विकायची की ठेवायची हे सांगण्यापूर्वी आरसी बुकातील तारीख पाहावी. २०१९ मध्ये नोंदलेल्या खाजगी सुमोची पंधरा वर्षे २०३४ मध्ये भरतील.