ठाण्यावरून ठाण्यावर

एका मोठ्या रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यातून डॉक्टर फोनवर बोलत चालले आहेत. पलीकडून परिचारिका रुग्णाची नाडी व रक्तदाब सांगत आहे. हे बोलणे इमारतीच्या वाय-फायवरून, म्हणजे बिनतारी जाळ्यावरून, होत आहे. डॉक्टर जिन्याशी वळतात आणि आवाज तुटतो. औषधाची मात्रा किती सांगितली, हे परिचारिकेला ऐकूच येत नाही! फोन बिघडलेला नाही, जाळेही बंद पडलेले नाही. मग हा खंड पडला कशाने?

अशा इमारतीत छताला ठिकठिकाणी लहान, चपट्या पेट्या बसविलेल्या असतात. त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. मराठीत त्यांस ठाणी म्हणता येईल. एका ठाण्याच्या रेडिओलहरी थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतात आणि भिंतींमुळे तर फारच क्षीण होतात. म्हणून चालत्या माणसाच्या फोनला एक ठाणे सोडून दुसरे धरावे लागते.

ते केव्हा सोडावे, हे ठरवितो कोण? मोबाइलच्या जाळ्यात चालू बोलणे एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविण्याचा निर्णय जाळेच घेते. वाय-फायमध्ये मात्र तो फोनच्या हाती असतो, आणि कित्येक फोन मोठे हट्टी! डोक्यावर नवे ठाणे असतानाही ते मागच्या ठाण्याची क्षीण लहर धरून बसतात. आजोळाहून निघालेले मूल आजीचा पदर सोडीत नाही, तसे.

शिवाय नव्या ठाण्यावर ओळख पटवून गुप्त किल्ली ठरवावी लागते. या विचारपुशीत कधी अर्धा सेकंदही जातो. पत्र वाचणाऱ्यास तो विलंब जाणवत नाही. बोलणाऱ्याचा शब्द मात्र गळतो.

यावर उपाय म्हणून २००८ साली दोन नियम प्रसिद्ध झाले. '८०२.११ के' या नियमाने ठाणे फोनला शेजारच्या ठाण्यांची यादी देते. '८०२.११ आर' या नियमाने एकदा पटलेली ओळख पुढच्या ठाण्यांवरही चालते, सारी विचारपूस पुन्हा होत नाही. पुढे २०११ च्या '८०२.११ व्ही' या नियमाने ठाण्याला दुसरे ठाणे सुचविण्याची सोय झाली. सुचविण्याचीच, फोन ते मानीलच असे नाही.

ठाणी अधिक जोराची बसविली की काम भागेल, असे पुष्कळांस वाटते. परिणाम नेमका उलटा होतो. जोरदार ठाणे दुरूनही ऐकू येते, म्हणून फोन ते सोडीत नाही. पण फोनचा स्वतःचा आवाज दुबळा, तो ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जाणते तंत्रज्ञ ठाणी योग्य अंतरावर बसवून त्यांचा जोर मुद्दाम उतरवितात.