‘सेव्ह झालं’, पण कुठे?

प्रश्न : दुकानांची बिलं आणि उधारी सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आहे, चालतो लिनक्सवर. परवा ‘सेव्ह झालं’ असं दिसलं आणि लगेच लाइट गेली. मशीन पुन्हा सुरू केलं तर फाइल जागेवर, पण शून्य बाइटची. आजचं बिल जाऊ दे, मागची सगळी उधारी गेली! असं का व्हावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मागची उधारी लाइटीने नाही, प्रोग्रॅमने घालवली. बहुधा तुम्ही तीच फाइल रिकामी करून तिच्यात नव्याने लिहिता. म्हणजे नवी वही उतरवून होण्याआधीच जुनी फाडता. शिवाय ‘राइट’ यशस्वी झालं याचा अर्थ मजकूर मेमरीत घेतला, एवढाच. डिस्कवर उतरायला त्याला तीसेक सेकंदही लागू शकतात. २००९ साली ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टीम नवी होती, तेव्हा मशीन बंद पडल्यावर अनेकांना अशाच शून्य बाइटच्या फाइली सापडल्या होत्या. पुढे लिनक्सने नेहमीच्या काही चुका सांभाळून घेतल्या, पण त्यावर विसंबू नये.

उपाय जुनाच आहे. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, ‘एफसिंक’ करून ती डिस्कवर उतरवा, आणि मगच ‘रीनेम’ने जुनीच्या जागी बसवा. शेवटी फोल्डरलाही एफसिंक करा. मधे काहीही झालं तरी हाती अख्खी जुनी किंवा अख्खी नवी फाइल राहते, अर्धवट नाही.

आता दुसरा सापळा. ‘राइट’ नुसतं हो-नाही सांगत नाही, किती बाइट घेतले तो आकडा देतं. तुम्ही १०,००० बाइट दिले आणि डिस्क भरत आली असेल, तर उत्तर ४,०९६ असं येऊ शकतं. ही चूक धरली जात नाही! उरलेले ५,९०४ बाइट पुन्हा द्यायला गेलात की तेव्हा ‘जागा नाही’ हे कळतं. म्हणून आकडा मोजा, उरलेलं पुन्हा द्या.

आणि एफसिंकच फसलं तर? ‘परत करून बघू’ म्हणू नका. लिनक्सवर पहिलं एफसिंक फसल्यावर दुसरं यशस्वी ठरू शकतं, मजकूर मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या हे ध्यानात आलं. त्यानंतर अशा वेळी पोस्टग्रेस स्वतःहून बंद पडतो आणि आधीच लिहून ठेवलेल्या आपल्या लॉगवरून हिशेब पुन्हा उभा करतो. आधी रोजकीर्द, मग खतावणी, ही तर तुमच्या गिऱ्हाइकांचीच रीत! नोंदी वाढल्या की तुम्हीही एसक्यूलाइटसारखा तयार डेटाबेस घ्या.

तोवर एक करून बघा. एक पेनड्राइव्ह काठोकाठ भरा आणि त्यावर बिल सेव्ह करा. प्रोग्रॅम तरीही ‘सेव्ह झालं’ म्हणाला, तर तो संदेश आधी दुरुस्त करा.