शोधयंत्राकडून उत्तरयंत्राकडे : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात वैद्याच्या शब्दाचे प्रामाण्य

प्रस्तावना

रुग्ण आणि वैद्य यांचा पहिला संवाद पूर्वी चिकित्सालयात होत असे. आज तो पुष्कळदा रुग्णाच्या हातातील मोबाईलवर, वैद्याच्या अनुपस्थितीत होऊन गेलेला असतो. ‘आमवातात दही चालते का’, ‘गुळवेल रोज घ्यावी का’, ‘गर्भिणीने अमुक काढा घ्यावा का’ हे प्रश्न प्रथम यंत्राला विचारले जातात आणि नंतर आपल्याला. त्या यंत्राने दाखविलेल्या यादीत आपले संकेतस्थळ वरच्या स्थानी यावे म्हणून केल्या जाणाऱ्या प्रयत्नांस ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ किंवा संक्षेपाने एसईओ म्हणतात. अनेक औषधनिर्माते व काही वैद्यबंधू त्यासाठी दरमहा खर्चही करीत आहेत.

हे शास्त्र आता मुळापासून बदलत आहे. यंत्र पूर्वी ग्रंथपालासारखे होते. ‘या विषयावर ही दहा पुस्तके आहेत, वाचून घ्या’ असे सांगे. आता ते स्वतःच वाचून उत्तर देऊ लागले आहे. या बदलाचे स्वरूप काय, आपल्या व्यवसायावर त्याचा परिणाम कोणता आणि आपले कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वस्थिती

गूगल या शोधयंत्राची स्थापना १९९८ मध्ये झाली. एखाद्या पृष्ठाकडे इतर किती व कोणत्या पृष्ठांनी निर्देश केला आहे, यावरून त्याचे महत्त्व ठरविण्याची पद्धत हे त्याचे वैशिष्ट्य होते. पृष्ठे गोळा करणे, त्यांची सूची करणे आणि क्रम लावणे ही त्याच्या कार्याची तीन अंगे. मजकुरातील शब्द आणि बाहेरून येणारे निर्देश या दोन गोष्टींवर क्रम ठरतो हे ध्यानात येताच लोकांनी त्याचा गैरफायदा घेतला. एकच शब्द पृष्ठावर पन्नास वेळा लिहिणे, निर्देश विकत घेणे असे प्रकार बोकाळले. त्यावर गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावांनी सुधारणा आणून निकृष्ट मजकूर व कृत्रिम निर्देश यांना खाली ढकलले.

यानंतरची वाटचाल शब्दाकडून अर्थाकडे झाली. २०१३ ची ‘हमिंगबर्ड’, २०१५ ची ‘रँकब्रेन’ आणि २०१९ ची ‘बर्ट’ या टप्प्यांनी यंत्राला वाक्याचा आशय समजू लागला. आपल्या क्षेत्रातील उदाहरण घ्यावयाचे तर गुडूची, गुळवेल, गिलोय व अमृता हे चार शब्द पूर्वी यंत्राच्या दृष्टीने चार निराळ्या गोष्टी होत्या. म्हणून एसईओवाले चारही शब्द जागोजागी पेरीत. आज यंत्र त्यांतील संबंध बऱ्याच अंशी ओळखते, आणि अशी पेरणी निरर्थक ठरते.

ऑगस्ट २०१८ मधील सुधारणेचा फटका आरोग्यविषयक संकेतस्थळांना इतका बसला की या व्यवसायातील लोकांनी तिला ‘मेडिक’ असेच नाव दिले. आरोग्य व पैसा यांविषयीच्या पृष्ठांना गूगल अधिक कठोर निकष लावते. अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे ते निकष होत. यांपैकी ‘अनुभव’ हा निकष डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला.

सद्यःस्थिती

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात, शोधाच्या निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश दाखविण्यास प्रारंभ केला. त्यास ‘एआय ओव्हरव्ह्यू’ म्हणतात. २०२५ मध्ये संवादरूपाने उत्तरे देणारा ‘एआय मोड’ही आला.

याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. यंत्र मूळ प्रश्नाचे अनेक उपप्रश्न करते, प्रत्येकासाठी निरनिराळ्या पृष्ठांतील उपयुक्त परिच्छेद निवडते आणि त्यांचा एकत्र सारांश स्वतःच्या भाषेत मांडून काही स्रोतांचा निर्देश करते. यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी संभवतात. पहिली, स्पर्धा आता पृष्ठांपेक्षा परिच्छेदांत आहे. दुसरी, उत्तर दर वेळी थोडे निराळे येऊ शकते. म्हणून ‘पहिला क्रमांक’ या कल्पनेला पूर्वीचा अर्थ उरलेला नाही.

याचा व्यावहारिक परिणामही दिसू लागला आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील शोधांचा अभ्यास केला. सारांश दिसला नाही तेव्हा १५ टक्के वेळा वाचकांनी एखाद्या निकालावर जाऊन पाहिले. सारांश दिसला तेव्हा हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. सारांशातच दिलेल्या स्रोतावर तर केवळ १ टक्का वेळा कोणी गेले. हे आकडे अमेरिकेतील असले तरी मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. केवळ वाचकसंख्येवर विसंबून औषधविक्री करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न कोणता ?

वाचकसंख्या घटणे हा व्यापाराचा प्रश्न झाला. वैद्याच्या दृष्टीने प्रश्न अधिक गंभीर आहे. रुग्ण मूळ पृष्ठ उघडत नाही, म्हणजे त्या पृष्ठावर लिहिलेली मात्रा, अनुपान, निषेध आणि ‘वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे’ ही सूचना तो पाहत नाही. सारांशात जे उतरले तेवढेच त्याच्यापर्यंत पोहोचते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला रुग्णवृत्तांत या संदर्भात बोलका आहे. साठ वर्षे वयाच्या एका गृहस्थाने मीठ सोडण्याचे ठरविले आणि चॅटजीपीटीशी सल्लामसलत करून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड तीन महिने सेवन केले. परिणामी ब्रोमाइडची विषबाधा होऊन भ्रम व संशयग्रस्तता अशी मानसिक लक्षणे उत्पन्न झाली व त्यास रुग्णालयात दाखल करावे लागले. द्रव्य कशाच्या जागी व कशासाठी योजावयाचे हा संदर्भ सुटला की काय होते, याचे हे उदाहरण होय.

आपल्या द्रव्यगुणशास्त्रात तर असे धोके पदोपदी आहेत. रास्ना या एका नावाने उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा आणि केरळात अल्पिनिया गलंगा ही सर्वस्वी निराळी वनस्पती वापरतात. शंखपुष्पीची स्थिती तशीच. यंत्राने एका प्रांतातील पृष्ठावरून गुण आणि दुसऱ्या प्रांतातील पृष्ठावरून मात्रा उचलून एकत्र केली, तर ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध व चिकित्सादृष्ट्या अनर्थकारक ठरेल.

उदाहरण : गुळवेल

हा विषय एका उदाहरणाने स्पष्ट करू. कोविडच्या काळात गुळवेलीचे सेवन घरोघरी सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलसेवनानंतर यकृतशोथ झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्या अभ्यासात सेवन केलेल्या द्रव्याचे परीक्षण झाले नसल्याचा आक्षेप घेतला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे गुडूची ही सुरक्षित असून तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत करू नये, असा खुलासा मंत्रालयाने केला. त्याच वर्षी देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा आणखी एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या यकृतविकाराची प्रवृत्ती असलेल्यांविषयी सावधानता सुचविली होती.

आता एखाद्या रुग्णाने ‘गुळवेल यकृताला घातक आहे का’ असे विचारले तर यंत्र काय सांगेल ? ज्या प्रकारचा मजकूर त्यास सापडेल त्याप्रमाणे ते बोलेल. एका बाजूस ‘गुळवेल सर्व रोगांवर अमृत, कोणताही दुष्परिणाम नाही’ असे लिहिणारी शेकडो विक्रीपृष्ठे. दुसऱ्या बाजूस शोधनिबंध. मधली जागा रिकामी. वनस्पतीची ओळख, ग्राह्य अंग, स्वरस-चूर्ण-सत्त्व यांतील भेद, मात्रा, कालमर्यादा, कोणी घेऊ नये, यकृताची तपासणी केव्हा करावी आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे काय, हे सर्व मराठीत नीट मांडलेले पृष्ठ शोधू जाता हाती फारसे लागत नाही. ही रिकामी जागा भरणे हाच आपल्यासाठी नव्या युगातील खरा एसईओ होय, असे आमचे मत आहे.

या मतास आधारही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आयआयटी व इतर ठिकाणच्या संशोधकांनी उत्तरयंत्रांविषयी एक अभ्यास मांडला. मजकुरात विश्वसनीय संदर्भ, अवतरणे व आकडेवारी घातल्यास उत्तरांतील त्याची दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते आणि शब्दांच्या पुनरावृत्तीचा लाभ होत नाही, असे त्यांना आढळले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. यंत्राला नाडी पाहता येत नाही. त्याला प्रत्यक्ष नाही. जे लिहिले गेले आहे त्यावरच त्याची सारी भिस्त. त्यामुळे त्याचे आप्त कोण व्हावयाचे, चिकित्सा करणारा वैद्य की केवळ विकणारा, हे आपल्या लेखणीवर अवलंबून आहे.

करावयाच्या गोष्टी

(१) एका पृष्ठावर एकच प्रश्न घ्यावा व त्याचे नेमके उत्तर पहिल्या परिच्छेदात द्यावे. प्रत्येक परिच्छेद स्वयंपूर्ण असावा. निषेध व मात्रा गुणांच्या वर्णनासोबत त्याच परिच्छेदात लिहावी. पृष्ठाच्या तळाशी ढकलू नये. परिच्छेद उचलला गेला तर निषेधही बरोबर जाईल.

(२) द्रव्याचे संस्कृत, मराठी व वनस्पतिशास्त्रीय नाव आणि ग्राह्य अंग प्रथमच द्यावे.

(३) लेखकाचे नाव, पदवी, परिषदेचा नोंदणी क्रमांक व मजकूर शेवटी तपासल्याची तारीख प्रत्येक लेखावर असावी.

(४) औषधनिर्मात्यांनी प्रत्येक कल्पाच्या पृष्ठावर घटकद्रव्ये प्रमाणासह, ग्रंथाधार व परवाना क्रमांक द्यावा. लेबलचे छायाचित्र पुरेसे नाही. हा तपशील अक्षररूपाने लिहावा.

(५) मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत जुळविलेली पीडीएफ डोळ्यांना देवनागरी दिसते. यंत्राला मात्र ती पुष्कळदा निरर्थक अक्षरांची रांग असते. वैद्यसंघांच्या जुन्या अंकांतील मोलाचे रुग्णानुभव या कारणाने यंत्रापुरते अस्तित्वातच नाहीत. हे अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम संघटनांनी हाती घ्यावे.

(६) चिकित्सालयाचे वा दुकानाचे नाव, पत्ता, वेळ व दूरध्वनी सर्व ठिकाणी एकसारखे असावेत. ‘जवळचा वैद्य’ शोधणाऱ्यासाठी गूगलवरील व्यवसायनोंद अद्ययावत ठेवणे हे बहुसंख्य वैद्यांना पुरेसे होईल.

(७) दरमहा रुग्णांकडून येणारे दहा प्रश्न मराठी, हिंदी व इंग्रजीत यंत्राला विचारावे, आलेली उत्तरे व निर्दिष्ट स्रोत वहीत नोंदवावे. उत्तर चुकीचे असल्यास तेथील अभिप्रायाच्या सोयीने कळवावे आणि त्या प्रश्नावर स्वतः लिहावे.

टाळावयाच्या गोष्टी

यंत्राकडूनच शेकडो लेख लिहवून घेऊन संकेतस्थळ भरण्याचा मोह टाळावा. क्रम वाढविण्यासाठी असा घाऊक मजकूर टाकणे गूगलने मार्च २०२४ च्या धोरणानुसार गैरप्रकारात धरले आहे. शिवाय यंत्राचे उच्छिष्ट पुन्हा यंत्राला वाढल्याने ज्ञानात भर पडत नाही. यंत्राचे साहाय्य भाषाशुद्धी वा मांडणीपुरते घ्यावे. मात्रा व निषेध वैद्याने स्वतः पडताळावे.

‘एआयच्या उत्तरात तुमचेच नाव हमखास आणून देतो’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. या सारांशांत येण्यासाठी निराळी काही तांत्रिक विद्या आवश्यक नाही, हेही त्याने स्पष्ट केले आहे.

कायद्याचे भान सर्वांत महत्त्वाचे. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ५४ विकारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, रक्तदाब, स्थौल्य हे त्यात येतात. औषधांच्या जाहिरातीसाठी पूर्वपरवानगी सांगणारा नियम १७० जुलै २०२४ मध्ये वगळला गेला, त्यास सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगितीही ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना संपली. परंतु १९५४ चा कायदा जागेवरच आहे. संकेतस्थळावरील मजकूर त्याच्या कक्षेबाहेर आहे असे समजणे धोक्याचे ठरेल. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे आपण लिहिले आणि यंत्राने ते आपल्या नावासह उद्धृत केले, तर तो दावा हजारो ठिकाणी आपल्याच नावे बोलला जाईल. रुग्णाचा अनुभव वा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीविना प्रसिद्ध करू नये.

चिकित्सालयातील एक सूचना

प्रश्नपरीक्षेत आहार-विहाराबरोबर आणखी एक प्रश्न नित्य विचारावा : ‘मोबाईलवर पाहून काही सुरू केले आहे का, किंवा चालू औषध बंद केले आहे का ?’ प्रश्न रागाने वा उपहासाने विचारल्यास रुग्ण लपवितो. सहज विचारल्यास सांगतो. हा उत्तराचा भाग केसपेपरवर लिहून ठेवावा. इन्सुलिन, रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा अपस्मारावरील गोळ्या चालू असणाऱ्या रुग्णांत या एका प्रश्नाने मोठा अनर्थ टळू शकतो.

उपसंहार

यंत्राची तंत्रे पुढेही बदलतील. पांडा गेला, पेंग्विन गेला, आजच्या नावांचेही तेच होईल. सत्य, सुस्पष्ट व जबाबदारीने स्वाक्षरी केलेला मजकूर मात्र प्रत्येक बदलात टिकून राहिला, हे या पंचवीस वर्षांच्या इतिहासाचे सार होय. प्रत्येक वैद्याने आपल्या अनुभवातील एका द्रव्यावर किंवा एका व्याधीवर वर्षाला चार पृष्ठे जरी या पद्धतीने मराठीत लिहिली, तरी काही वर्षांत मराठी रुग्णाला मिळणारे उत्तर बदलेल. आपल्या शास्त्राविषयी यंत्राने काय बोलावे हे ठरविण्याची संधी आपणास मिळाली आहे. ती विक्रेत्यांच्या हाती सोडून देऊ नये, एवढीच वैद्यबंधू-भगिनींस विनंती.