नाव तेच, चिन्ह वेगळं

वसईत पतसंस्थेचं संगणकाचं काम बघायचं म्हणजे डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा ही आडनावं रोजचीच. इंग्रजीत लिहिताना यांतल्या ‘डी’पुढे बहुतेक जण अपॉस्ट्रॉफी देतात. लाभांशाच्या वेळी सभासदांची यादी आणि बँक खात्यांची यादी एक्सेलमध्ये जुळवायला घेतली, तर नेमके हेच सभासद गळाले. स्पेलिंग बरोबर, जास्तीची स्पेसही कुठे नाही. आम्ही आपले साप समजून भुई धोपटत बसलो.

घोळ चिन्हात होता. सॉफ्टवेअरमधून निघालेल्या यादीत कीबोर्डवरचं सरळ चिन्ह होतं. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ३९. दुसरी यादी वर्डमध्ये टाइप झालेली. वर्ड टाइप करता करताच त्याचं बाकदार चिन्ह करतं. त्याचा क्रमांक ८२१७. आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात, एक्सेलच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरं.

तेव्हा याद्या जुळवण्याआधी एवढं कराच. आडनावाच्या रकान्यातलं दुसरं अक्षर ‘मिड’ने काढून ‘युनिकोड’ फंक्शनला द्या. ३९ की ८२१७ ते लगेच कळतं. मग ‘सबस्टिट्यूट’ने सगळीकडे एकच चिन्ह करून घ्या. याद्या वर्डमध्येच होत असतील, तर ऑटोकरेक्टमधला स्मार्ट कोट्सचा पर्याय बंद ठेवा.

कटकट नको म्हणून चिन्हच उडवून टाकायचा मोह होतो. तसं करायचंच तर फक्त जुळवणीसाठी वेगळा रकाना करा. मूळ नाव सभासदाच्या कागदपत्रावर जसं आहे तसंच राहू द्या. नाहीतर पुढे केवायसीला त्याच माणसाला हेलपाटे.

काही सॉफ्टवेअर अशा नावावर एरर देतात. ती मात्र हसण्यावारी नेऊ नका. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मजकूर कुठे संपला हे याच सरळ चिन्हाने कळतं. भरलेलं नाव थेट आज्ञेत चिकटवलं असेल, तर ‘डी’पाशीच मजकूर संपतो आणि आज्ञा मोडते. याच फटीतून चोर स्वतःची आज्ञा आत घुसवतात. नाव पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवणं हा त्यावरचा इलाज, आणि तो प्रोग्रामरनेच करायचा असतो. म्हणून नवं सॉफ्टवेअर घेताना डेमोतच एखादं अपॉस्ट्रॉफीचं आडनाव भरून बघा. नोंद झाली नाही, तर ते घेऊ नका.