अपरिचित बनावटीची होडी : घेण्यापूर्वीं करावयाचा विचार

शेतकऱ्यांच्या मासिकांत होडीचा धडा कशास, असें कोणी वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, नंदुरबार जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांचें शेत आज पाण्याखालीं आहे. गुजराथेंत उकाई येथें तापीवरील धरण १९७२ सालीं पुरें झालें, आणि त्याचा फुगवटा नवापूर व नंदुरबार या तालुक्यांत शिरला. पुढें नर्मदेवरील सरदार सरोवराचें पाणी वर्षानुवर्षें चढत गेलें, १३८.६८ मीटर ही त्याची पूर्ण पातळी २०१९ च्या सप्टेंबरांत गांठली गेली. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नदीकांठच्या ३३ गांवांस या बुडिताची झळ लागली. जेथें औत चाले तेथें आतां जाळें पडतें. अशा कुटुंबास होडी ही चैनीची वस्तु नसून नांगरासारखेंच औजार आहे. आणि औजार घेतांना जो विचार करावयाचा तोच येथेंही केला पाहिजे.

हल्लीं वारंवार पडणारा प्रश्न असा : शहरांतील दुकानांत किंवा प्रदर्शनांत एखादी सुरेख होडी दिसते, पण तसल्या बनावटीची होडी आपल्या पाण्यांत कोणापाशींच नाहीं. ती घ्यावी कीं न घ्यावी ? आमचें मत असें कीं, अपरिचितपणा हा दोष नव्हे व गुणही नव्हे. मोडल्यावर जी आपल्या कांठीं, आपल्या हंगामांत दुरुस्त होईल ती होडी आपली. बाकीच्या कितीही चांगल्या असोत, त्या दुसऱ्याच्या पाण्यासाठीं आहेत.

हें शहाणपण आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. उकाईकांठच्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें अशीच एक होडी यंत्रासह घेतली. खरेदीच्या वेळीं आम्ही सोबत होतों, आणि तिचा हलकेपणा पाहून आम्हीही भाळलों. पहिल्याच उन्हाळ्यांत पाणी ओसरलें, यंत्र गढूळ पाण्यांत चाललें, आणि तें थंड ठेवण्यासाठीं पाणी खेंचणाऱ्या पंपाची रबरी फिरकी फाटली. तळहातावर मावणारी ती वस्तु ना नंदुरबारास मिळाली, ना सुरतेस. दुसऱ्या बनावटीची बसेना. होडी सबंध हंगाम चिंचेखालीं पालथी पडली, आणि त्या घरचा मुलगा दुसऱ्याच्या होडीवर मजुरीनें जाळें ओढूं लागला. होडींत दोष नव्हता. आम्हीं विचारावयाचें तें विचारलें नव्हतें. तें काय, हें पुढें क्रमानें देत आहों.

१. पाणी. सर्वांत आधीं आपलें पाणी ओळखावें. उकाईच्या फुगवट्यांत उन्हाळ्यांत पाणी दूर जातें, व होडी चिखलांतून आणि दगडांवरून ओढावी लागते. तेथें सपाट तळ, कमी वजन व घासणी सोसणारें बूड हवें. नर्मदेकांठीं सातपुड्याचे उतार उभे आहेत, पाणी खोल आहे, आणि बुडालेलीं झाडें व खडक वरून दिसत नाहींत. मोकळ्या पाण्यावर वारा सुटला म्हणजे लाटाही उठतात. तेथें काठ उंच व पुढचें तोंड उचललेलें हवें. एकाच जिल्ह्यांतील दोन नद्यांस एकच होडी मानवेल असें नाहीं. मग समुद्रकांठीं नांवाजलेली होडी येथें चालेलच, असें कसें म्हणावें?

२. अंग. लांकडी होडी गांवचा सुतार नीट करूं शकतो; मात्र तिला वेळच्या वेळीं तेल किंवा डांबर द्यावें लागतें, व उन्हांत कोरडी पडल्यास तिच्या फळ्यांचे सांधे उघडतात. फायबरची होडी चिरली तर ती जागा घासून, पूर्ण वाळवून, कांचेचें कापड व राळ यांचे थर देऊन सांधतां येते. हें काम कोणीही होतकरू तरुण शिकूं शकतो, आणि त्याचें सामान कोणत्याही बनावटीस चालतें. म्हणून अपरिचित बनावट घ्यावयाचीच असेल तर फायबरच्या होडींत धोका कमी. पण चीर तशीच ठेवूं नये; थरांत पाणी शिरून अंग कुजल्यासारखें होतें. ॲल्युमिनिअमची होडी हलकी व टिकाऊ असते. परंतु तिचें जोडकाम लोखंडाच्या नेहमींच्या वेल्डिंगनें होत नाहीं, त्यास निराळा वायु व निराळा कारागीर लागतो. हवा भरून फुगविण्याची रबरी होडी बाभळींच्या खुंटांत जाळें ओढण्यास निरुपयोगी समजावी.

३. यंत्र. होडीची बनावट व यंत्राची बनावट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें बहुतेक गिऱ्हाइकें विसरतात. होडी अपरिचित असली तरी यंत्र मात्र असें घ्यावें कीं, ज्याचा मिस्त्री एका दिवसांत जाऊन येण्याच्या टप्प्यांत आहे. विकणारा दोन्ही एकत्रच घेण्याचा आग्रह धरील. तेथें ठाम रहावें. यंत्राचा दांडा होडीच्या मागील फळीच्या उंचीशीं जुळतो कीं नाहीं तेंही पाहावें. आंखूड दांडा सुमारें १५ इंच उंचीच्या फळीस व लांब दांडा सुमारें २० इंच उंचीच्या फळीस बसतो. फार खालीं गेल्यास पंखा चिखल ओढतो. वर राहिल्यास हवा खातो. पंपाची फिरकी, प्लग, पंखा, त्याची खुंटी व इंधनाची नळी हे सुटे भाग खरेदीच्या दिवशींच घरीं आणावे.

४. भार. भाराचा हिशेब सोपा आहे. ५ मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी चौकोनी पेटी पाण्यावर ठेविली, तर ती दर ७५ किलो भारास एक सेंटिमीटर खालीं जाते. होडीचीं टोंकें निमुळतीं असल्यामुळें तेवढ्याच मापाची होडी सुमारें ५० किलोसच एक सेंटिमीटर बसते. १२ माणसें म्हणजे सुमारें ७२० किलो. होडी १४ सेंटिमीटरांहून अधिक बसली. पूर्ण भारानंतर निदान दीड वीत काठ पाण्यावर राहिला पाहिजे, व वाऱ्याच्या दिवशीं त्याहून अधिक. अपरिचित होडी किती पेलते याचा अंदाज नजरेस नसतो. म्हणून लेखी भारमर्यादा मागून घ्यावी व ती होडीवर ठळक रंगवावी. १५ जानेवारी २०१९ रोजीं, संक्रांतीच्या दिवशीं, अक्राणी तालुक्यांत भुषा येथें नर्मदेंत गर्दीनें भरलेली होडी उलटली व माणसें दगावलीं. जी होडी मासे धरते तीच आपल्याकडे यात्रेकरू, रुग्ण व शाळकरी मुलें नेते, हें विसरूं नये.

५. कसोटी. सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेणारा रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. तो दांत पाहतो, चाल पाहतो, खूर उचलून पाहतो. तसेंच होडी आपल्याच पाण्यावर, आपलीं जाळीं व आपलीं माणसें घेऊन एक दिवस चालवून पाहावी. कांठाशीं, छातीभर पाण्यांत, ती रिकामी असतांना पाण्यानें भरून पाहावी. भरल्यावरही तरंगली तरच तिच्या बंद कप्प्यांवर विश्वास ठेवावा. विकणारा यास कबूल नसेल तर त्याचा नमस्कार घेऊन परत यावें.

याचा अर्थ नव्या वस्तूस दारच बंद करावें असा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीनें त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढें तोच नांगर घरोघर गेला. तो आपल्याच प्रांतांत होत असे, व त्याचे भागही येथेंच मिळत; हें त्या यशाचें एक कारण आम्ही समजतों. कोणीतरी पहिला झाल्याशिवाय नवें औजार रुळत नाहीं, हें खरें. पण त्या पहिल्यानें एकटें असूं नये. एका कांठच्या चार कुटुंबांनीं मिळून एकाच बनावटीच्या दोन होड्या घ्याव्या, सुट्या भागांची एक पेटी सामाईक ठेवावी, आणि एका तरुणास दुरुस्ती शिकवून आणावें. मग जी होडी काल अपरिचित होती ती दोन हंगामांत त्या पाण्याची होईल.

जमीन गेली तरी औजाराची पारख शेतकऱ्याच्या हातून गेलेली नाहीं. तीच पारख पाण्यावर वापरावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.