डिस्प्लेसमेंट मॅप दर वेळी वेगळा येतो? काय करावे, काय टाळावे

झीब्रशमध्ये नीट बसलेली सुरकुती आर्नोल्डमध्ये फुगते. मानेवर टाइल बदलते तिथे पायरी दिसते. कालचा मॅप आजच्याशी जुळत नाही. अशा वेळी बहुतेक जण रेंडररमधला उंचीचा आकडा कमी-जास्त करत बसतात आणि त्यात दिवस जातो. डिस्प्लेसमेंट मॅप हे चित्र नाही, मोजमाप आहे. साध्या मेशपासून तपशिलाचा पृष्ठभाग किती वर किंवा किती आत आहे, एवढंच प्रत्येक पिक्सेल सांगतो. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा: कुठून मोजलं, शून्य कुठे धरलं आणि कोणत्या मापात मोजलं.

काय करावे

• मॅप आणि मेश एकाच वेळी काढा. वरच्या पातळीवर शिल्प करताना खालच्या पातळीचे बिंदूही हलतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. गालावर माती चढवली की सर्वांत खालच्या पातळीवरचा गालही सरकलेला असतो. मॅप या सरकलेल्या मेशपासून मोजला जातो, आणि रिगरकडे मात्र महिनाभरापूर्वीचा मेश असतो. सर्वांत खालच्या पातळीवर जा, तिथूनच मॅप काढा आणि तोच मेश पुढे पाठवा. बिंदूंचा क्रम आणि यूव्ही बदललेले नसतात, त्यामुळे रिगरला नवा आकार घेणं अवघड जात नाही.

• ३२ बिट ईएक्सआर, मिड ०, स्केल १. मल्टी मॅप एक्स्पोर्टरमध्ये हे तीन आकडे ठरवा आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत त्यांना हात लावू नका. असेटच्या फोल्डरमध्ये लिहूनही ठेवा, कारण पुढचा मॅप दुसरंच कोणी काढणार असतं.

• रेंडररमधलं शून्य जुळवा. मॅपमध्ये मिड ० असेल तर आर्नोल्डची स्केलर झिरो व्हॅल्यू ०, मिड ०.५ असेल तर ०.५. अख्खं मॉडेल एकसारखं फुगलं किंवा आक्रसलं असेल, तर सर्वांत आधी इथेच बघा.

• कलर स्पेस रॉ ठेवा, ब्लेंडरमध्ये नॉन-कलर. मिड ०.५ असलेला मॅप चुकून एसआरजीबी म्हणून वाचला गेला तर ०.५ चं ०.२१४ होतं. ज्या जागी काहीच हलायला नको, ती जागाही आत जाते. तपशील सगळे दिसतात, फक्त चेहरा हडकुळा वाटतो, आणि दोष शिल्पावर येतो.

• सबडिव्हिजन दोन्हीकडे सारखं हवं. झीब्रशमध्ये स्मूथ यूव्ही चालू ठेवून मॅप काढला असेल तर रेंडररमध्येही यूव्ही स्मूथ करा. बंद असेल तर तिथे लिनिअर ठेवा. हे जुळलं नाही की गडबड यूव्हीच्या शिवणींजवळच दिसते, बाकी सगळं ठीक असतं.

• चाचणीसाठी एक प्लेन ठेवा. सर्वांत खालच्या पातळीवर पूर्ण सपाट प्लेन, वरच्या पातळीवर बरोबर १ युनिट उंचीचा एक सपाट चौथरा. मॅप न्यूकमध्ये उघडा आणि कर्सर सपाट भागावर न्या: ० दिसायला हवं. चौथऱ्याच्या मध्यावर न्या: १ दिसायला हवं. इथेच आकडा चुकत असेल तर रेंडररला दोष देऊ नका. इथे बरोबर असेल तर एक्स्पोर्ट पुन्हा पुन्हा करू नका. नव्या शोच्या सुरुवातीला ही चाचणी झालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

काय टाळावे

• प्रत्येक टाइल वेगळी ० ते १ मध्ये बसवणं. पायरीचं हे सर्वांत मोठं कारण. समजा १००१ या टाइलमध्ये शिंगं आहेत, कमाल उंची २ युनिट. १००२ मध्ये नुसती मान, कमाल ०.३. दोन्ही टाइल आपापल्या कमाल उंचीप्रमाणे ताणल्या आणि मध्य ०.५ धरला, तर ०.७५ ही एकच करडी छटा एकीकडे १ युनिट उंची सांगते आणि दुसरीकडे ०.१५. दोन टाइल ओलांडणारी सुरकुती मग मधेच तुटणारच.

• ती पायरी फोटोशॉपमध्ये ब्लर करून लपवणं. कॅमेरा जवळ आला की डाग दिसतो, आणि पुढच्या एक्स्पोर्टला ती पायरी पुन्हा हजर.

• ८ बिट आणि जेपेग. २५६ पातळ्यांत गालाचा उतार मावत नाही, पायऱ्यापायऱ्या दिसतात.

• मधेच माप बदलणं. मायात मेश दहापट करून फ्रीझ केला, तर मॅपमधले आकडे जुन्याच मापातले राहतात. उंचीही दहापट करावी लागते. झीब्रशमधला एक्स्पोर्ट स्केल बदलला तर नवे-जुने मॅप एकत्र वापरू नका.

• एकमेकांवर चढलेले यूव्ही. एका पिक्सेलला दोन उंच्या सांगता येत नाहीत.

• रेंडररची मर्यादा मॅपच्या माथी मारणं. तपशील मऊ पडला तर सबडिव्हिजनच्या पुनरावृत्ती वाढवून बघा. शिंगाचं टोक कापल्यासारखं दिसलं तर बाउंड्स पॅडिंग वाढवा. मॅप त्यानंतरच पुन्हा काढा.