सामोपचार मोडल्यानंतर

सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या व्यवहारात जिला 'सामोपचार कर्ज परतफेड योजना' म्हणतात आणि इतर बँकांत जी 'ओटीएस' या नावाने ओळखली जाते, त्या व्यवस्थेचे स्वरूप वरवर साधे असते: थकीत खात्यावरील व्याजाचा आणि क्वचित मुद्दलाचाही काही भाग धनको, म्हणजे कर्ज देणारी संस्था, सोडून देते आणि त्या मोबदल्यात ऋणको, म्हणजे कर्जदार, ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरण्याचे लेखी कबूल करतो. कर्ज थकल्यामुळे घरे अडचणीत येतात याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु झालेली तडजोड पाळता न आल्यामुळे तीच घरे अधिक खोल रुततात याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे, आणि त्याचे एक कारण असे की मंजुरीपत्र हाती पडताच कुटुंब संकट टळले असे धरून चालते. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला दुकानासाठी काढलेल्या कर्जाच्या बाबतीत या अवस्थेतून जावे लागले असून, पुढील विवेचन त्या अनुभवावर आणि त्या निमित्ताने वाचाव्या लागलेल्या कायद्यांवर आधारलेले आहे.

मंजुरीपत्रातील सवलतीचा आकडा ठळक असतो आणि सर्वांच्या लक्षात राहतो. सहीच्या जागेच्या थोडे वर बारीक अक्षरात छापलेली अट मात्र सहसा कोणी मोठ्याने वाचत नाही. एकही हप्ता मुदतीत न आल्यास सवलत आपोआप रद्द होईल आणि तोवर भरलेली रक्कम प्रथम वसुली खर्चात, नंतर व्याजात आणि उरल्यास मुद्दलात जमा केली जाईल, असा तिचा आशय असतो. या एका वाक्याचा परिणाम उदाहरणाने पाहणे उपयुक्त ठरेल. मुद्दल ८ लाख आणि थकीत व्याज ५ लाख असे १३ लाखांचे येणे ९ लाखांत मिटवण्याचे ठरले, कुटुंबाने त्यापैकी ४ लाख भरले आणि पुढचा हप्ता चुकला, तर उरलेली बाकी ५ लाख राहत नाही, ती पुन्हा ९ लाखांवर जाते, शिवाय मधल्या काळाचे व्याज तिच्यावर चढते. म्हणजे ४ लाख रुपये देऊनही कर्जदार तडजोडीत जेवढे भरायचे ठरले होते किमान तेवढेच देणे लागतो. त्यातही ते ४ लाख कोठून आले हा प्रश्न उरतोच. बहुतेक घरांत ते घरातल्या बाईचे दागिने सोनेतारणासाठी ठेवून, एखादी विमा पॉलिसी मुदतीआधी मोडून आणि मेहुण्याकडून किंवा साडूकडून हातउसने घेऊन उभे केलेले असतात. अशा वेळी एकूण देणे कमी झालेले नसते, त्याचे धनी तेवढे बदललेले असतात, आणि घराची अखेरची शिल्लकही गहाण पडलेली असते. पहिला हप्ता उसनवारीतून भरला जात असेल तर ती तडजोड आरंभापासूनच मोडलेली समजावी, असे लेखकाचे स्पष्ट मत झाले आहे. ज्या घराला आपल्या मासिक उत्पन्नातून हप्ता निघत नाही त्याने सवलतीच्या मोहात न पडता, एखादी मालमत्ता स्वतः ग्राहक शोधून विकता येते का हे आधी पाहिलेले बरे, कारण लिलावात येणारी किंमत राजीखुशीच्या विक्रीपेक्षा सहसा कमी असते.

मोडलेली तडजोड न्यायालयाकडून पुन्हा जिवंत करून घेता येईल अशी आशा अनेकांना असते, पण तिला आधार फारसा नाही. बिजनोर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असे स्पष्ट केले की अशी सवलत कर्जदार हक्क म्हणून मागू शकत नाही, आणि २०२२ मध्ये दुसऱ्या एका निकालात असेही सांगितले की उच्च न्यायालयाने रिट अधिकारात बँकेच्या संमतीवाचून तडजोडीची मुदत वाढवून देऊ नये. तेव्हा मुदतवाढ मिळायची असेल तर ती संस्थेकडूनच, आणि तीही हप्ता चुकण्याच्या आधी लेखी अर्ज करून, त्याच्या प्रतीवर पोच घेऊन. शाखेतल्या काउंटरवर "भरत राहा थोडे थोडे, बघू पुढे" असे जे सांगितले जाते त्याला वसुलीच्या वेळी काडीचीही किंमत उरत नाही. तसे सांगणारा अधिकारी तोवर बहुधा बदलून गेलेला असतो. अर्ज लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: मुदतीच्या कायद्यानुसार, मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेली कर्जाची कबुली वसुलीची मुदत नव्याने सुरू करते, म्हणून जुन्या, वादग्रस्त येण्याबाबत कोठलेही पत्र वकिलाच्या नजरेखालून घालूनच द्यावे.

तडजोड मोडल्यानंतर घरात पैसा येतो तो तुटपुंजा, आणि मागणारे अनेक असतात. अशा वेळी जो सर्वांत मोठ्याने मागतो, किंवा ज्याच्यासमोर मान सर्वांत खाली जाते, त्याचे आधी दिले जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वस्तुतः देण्याचा क्रम प्रत्येक धनकोच्या हाती कायद्याने कोणती शक्ती दिली आहे यावरून ठरवायला हवा, आणि त्यासाठी या शक्ती वेगवेगळ्या समजून घेणे भाग आहे.

घर किंवा दुकान ज्या बँकेकडे तारण आहे ती बँक, खाते सामान्यतः ९० दिवस थकून अनुत्पादक ठरल्यावर, २००२ च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाता कारवाई करू शकते. नागरी सहकारी बँकांनाही हा मार्ग खुला आहे, यावर मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केले, आणि ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेचेच होते. या कायद्यातील पहिली मागणी नोटीस ६० दिवसांची असते. तिला लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि हिशेबातील चुका, म्हणजे दंडव्याजावर पुन्हा आकारलेले व्याज किंवा जमा न धरलेले हप्ते, दाखवण्याची खरी संधी हीच असते. त्यानंतर ताबा घेतला गेल्यास ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दारावर चिकटवलेली आणि वर्तमानपत्रात छापलेली ताबा नोटीस पाहून कुटुंबाला घर गेलेच असे वाटते; प्रत्यक्षात ती पुष्कळदा प्रतीकात्मक ताब्याची असते आणि घरात राहणारी माणसे राहतच असतात. मात्र त्यामुळे निर्धास्त होणेही धोक्याचे आहे, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्व येणे भरून तारण सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू नाही, आणि मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी येणे उरले असेल तरीही तो वापरता येत नाही. बरेच देणे फेडून झालेल्या घरासाठी ही दुसरी तरतूद मोलाची आहे.

पतसंस्थेचा मार्ग निराळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली ती निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते, ज्याला बोलीभाषेत नुसते 'एकशे एक' म्हणतात, आणि त्या दाखल्याच्या बळावर वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करू शकतो. दाखला देण्यापूर्वी सुनावणीची नोटीस येते आणि येथेच कर्जदार सर्वांत जास्त गमावतो, कारण तडजोड मोडल्याच्या संकोचाने तो उपनिबंधक कार्यालयाची पायरीच चढत नाही. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेत भरावी लागते, आणि अडचणीतल्या घराला ते जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे सुनावणीच्या तारखेला हजर राहून कर्जखात्याचा संपूर्ण उतारा मागणे, त्यातील मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि खर्च हे रकाने स्वतंत्रपणे तपासणे आणि हरकत लेखी देणे, एवढे तरी वकील परवडत नसला तरी करायलाच हवे.

तडजोडीच्या वेळी पुढील तारखांचे धनादेश दिलेले असतील तर त्यांचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. धनादेश न वटल्यास पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास, फौजदारी तक्रार होऊ शकते आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंतच्या दंडाची असू शकते. म्हणजे जे देणे मुळात दिवाणी स्वरूपाचे होते ते तडजोडीच्या कागदांमुळे फौजदारी बनते. लोकअदालतीतील तडजोडीचीही अशीच एक बाजू आहे: तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून तो मोडल्यास धनको नव्याने दावा न करता थेट अंमलबजावणीची दरखास्त दाखल करतो. वैयक्तिक कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे वसुली प्रतिनिधी मोठा आवाज करतात, पण त्यांच्या हाती तारण नसते आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार त्यांना सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई आहे. त्यांचे देणे क्रमाने मागे ठेवण्यात काही अनैतिक नाही. परवाना नसलेल्या सावकाराकडून मात्र तडजोडीचा हप्ता भरण्यासाठी कधीही पैसे उचलू नयेत, आणि उचलून जमीन लिहून दिलीच असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते हे ठाऊक असावे.

जामीनदाराचा प्रश्न कायद्यापेक्षा नात्यांच्या अंगाने अधिक जाचक असतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे संस्था कर्जदाराला सोडून आधी जामीनदाराच्या मागे लागू शकते, आणि जामीनदार नोकरदार असेल तर लागतेच, कारण पगारातून वसुली करणे सर्वांत सोपे असते. एखाद्या मामेभावाला महिन्याच्या अखेरीस कापलेल्या पगाराची पावती पाहूनच तडजोड मोडल्याचे समजते, तेव्हा कापल्या गेलेल्या रकमेपेक्षा आपल्याला कोणी आधी सांगितले नाही याचा सल त्याच्या मनात जास्त राहतो, आणि घरातील पुढच्या लग्नकार्यात त्याची जागा रिकामी राहते. म्हणून हप्ता चुकणार असे दिसताच बँकेच्याही आधी जामीनदारांच्या घरी जाऊन, सर्व कागद त्यांच्यासमोर ठेवून सांगावे; हे अवघड आहे, परंतु त्याला पर्याय नाही. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला कायद्याने हक्क असतो, आणि तो हक्क वहीत तारीखवार लिहून, सही करून मान्य केला तर संबंध बहुधा टिकतात.

एकाच संस्थेत दोन-तीन कर्जे असतील तर रक्कम कोणत्या खात्यात भरायची हे सांगण्याचा अधिकार करार कायद्याच्या कलम ५९ ने कर्जदाराला दिला आहे. त्याने ते सांगितले नाही तर धनको स्वतःच्या सोयीने जमा करतो, आणि ती सोय बहुधा विनातारण खाते आधी मिटवण्याची असते. भरणा पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात खातेक्रमांक आणि हेतू लिहिणे हे दोन ओळींचे काम घर वाचवण्याच्या कामी येते. नादारीचा मार्गही अधूनमधून सुचवला जातो. परंतु नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झालेला असल्याने, सामान्य कुटुंबासाठी मुंबईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा जुना कायदाच उरतो, आणि त्याचा वापर विरळ आहे.

अखेर देणे फिटले तरी काम संपत नाही. बेबाकी दाखला घेणे, सातबारावरील किंवा मिळकत पत्रिकेवरील बोजा कमी करून घेणे, जामीनदारांच्या नावाने मुक्ततेचे पत्र मागणे हे सर्व स्वतः पाठपुरावा करूनच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांनी गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांच्या तारणाचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत न केल्यास त्यांना रोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्ता पुरुष मध्येच मरण पावला तर वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते, आणि वडिलांचे ऋण फेडण्याच्या पुत्राच्या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर कारवाई करण्याचा मार्ग हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांसाठी बंद केला आहे. तरीही दिवसकार्य उरकण्याच्या आतच संस्थेचा कर्मचारी नूतनीकरणाचा अर्ज घेऊन घरी येतो आणि "खाते चालू ठेवायला फक्त एक सही लागते" असे म्हणतो. त्या सहीने मुलगा वारस न राहता स्वतः कर्जदार होतो, म्हणून तो अर्ज ठेवून घ्यावा, पोच द्यावी आणि सहीसाठी तेरावा उलटल्यानंतरची, वकिलाला भेटून झाल्यानंतरची तारीख सांगावी.